हवामान पाहून ठरवा: काळ्या कोटाबद्दल वकील परिषदेला खुले पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व सदस्य, बार कौन्सिल ऑफ इंडिया, नवी दिल्ली
मा. अध्यक्ष व सदस्य, बार कौन्सिल ऑफ महाराष्ट्र अँड गोवा, मुंबई



मी विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयात वकिली करते. हे पत्र आपल्या अंगावरच्या काळ्या कोटाबद्दल आहे. विषय किरकोळ वाटण्याची शक्यता आहे, म्हणून आधी कायद्याचेच बोलते.

अधिवक्ता अधिनियम, 1961 च्या कलम 49 ने आपल्याला नियम करण्याचे अधिकार दिले. वकिलांनी न्यायालयात कोणता पोशाख करावा, हे ठरवण्याचा अधिकार त्याच कलमातल्या (1)(जीजी) या खंडात आहे. 1973 च्या दुरुस्तीने हा खंड आला तेव्हा संसदेने त्यात एक अट घातली: पोशाख हवामान लक्षात घेऊन ठरवायचा. तेव्हापासून पन्नासपेक्षा जास्त उन्हाळे गेले. नागपूर, अकोला, वर्धा, चंद्रपूर या गावांत एप्रिलमध्येच पारा 42-43 अंशांवर जातो, मे महिन्यात 45 ही बातमीसुद्धा राहत नाही. या हवेत वकिलाचा अधिकृत पोशाख काय? पांढरा सदरा किंवा साडी, गळ्याशी बँड, वर पूर्ण बाह्यांचा काळा कोट, आणि उच्च न्यायालय असेल तर त्याच्यावर गाऊन. हवामानाचा विचार यात कुठे झाला, हे मला शोधूनही सापडलेले नाही.

आपले उत्तर मला ठाऊक आहे. सर्वोच्च आणि उच्च न्यायालये सोडून इतर ठिकाणी उन्हाळ्यात काळा कोट सक्तीचा नाही, असे आपल्याच नियमांत लिहिले आहे. खरे आहे, आणि ज्यांनी ती तरतूद करून घेतली त्यांचे आमच्यावर उपकार आहेत. पण ती तरतूद जिल्ह्याच्या आणि तालुक्याच्या कोर्टात कशी वागते, हे आपण येऊन पाहावे. उन्हाळा कोणत्या तारखेला सुरू होतो आणि कोणत्या तारखेला संपतो, हे नियमात नाही. त्यामुळे आमच्याकडे मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात ऊन तापायला लागते आणि बाररूममध्ये चर्चा सुरू होते, की पत्र आले का, नोटीस लागली का, अमुक साहेबांच्या कोर्टात कोटाशिवाय गेले तर चालते का. पंधरा-वीस वर्षे प्रॅक्टिस झालेले सिनियर कोट काढून जातात, त्यांना कोणी काही म्हणत नाही. ज्युनिअर मात्र कोट चढवूनच जातो. साहेबांनी भर कोर्टात ‘पोशाख नीट करून या’ म्हटले तर पक्षकारासमोर मान खाली जाते, आणि तो पक्षकार पुढच्या तारखेला वकीलपत्र दुसऱ्याला देतो.

हे मी एका कोर्टात स्वतः पाहिले आहे. सुटीच्या काळातला रिमांड होता, वेळ दुपारची. आरोपीच्या बाजूने उभी राहिलेली मुलगी सनद घेऊन वर्षही न झालेली. तिने पांढरा सलवार-कुर्ता घातला होता, बँड लावला होता, कोट हातावर होता. तिचा अर्ज ऐकून घेण्याआधी तिला कोट घालायला सांगितले गेले. नियमाप्रमाणे ती बरोबर होती. पण नियम सांगण्यासाठी तोंड उघडणे तिला परवडणारे नव्हते. तिने मुकाट्याने कोट चढवला आणि युक्तिवाद केला. जी सूट मागताना माणसाला भीती वाटते ती सूट कागदावरच राहते. म्हणून माझे म्हणणे असे, की सवलतीचा शब्द बदला. ‘उन्हाळ्यात सक्ती नाही’ असे न लिहिता ‘पांढरा पोशाख आणि बँड हा वकिलाचा पूर्ण पोशाख आहे’ असे लिहा. मग कोणाला कोणाची परवानगी लागणार नाही.

कोटाने होते काय, तेही सांगते, कारण हा प्रश्न अनेकदा गैरसोयीचा म्हणून बाजूला ठेवला जातो. शरीर थंड राहते ते घाम वाळण्याने. अंगाभोवती हवा खेळली नाही तर घाम वाळत नाही, नुसता गळतो, आणि आतली उष्णता आतच राहते. काळा रंग ऊन शोषतो. आमच्यापैकी बहुतेकांचे कोट टेरिकॉटचे किंवा पॉलिएस्टर मिसळलेल्या कापडाचे, आत अस्तर. त्यातून वारा जात नाही. दर उन्हाळ्यात आरोग्य खाते आणि आपत्ती व्यवस्थापनवाले पत्रके काढतात: फिकट रंगाचे, सैल, सुती कपडे घाला, दुपारी 12 ते 3 उन्हात फिरू नका. सरकार जनतेला सांगते त्याच्या नेमके उलट, मुद्द्यागणिक उलट, आमचा पोशाख आहे. रंग गडद, शिवण तंग, कापड कृत्रिम, आणि आमची धावपळ बरोबर याच वेळेतली.

धावपळ हा शब्द मी जाणून वापरला. वकील म्हणजे खुर्चीत बसून बोलणारा माणूस, असे चित्र वातानुकूलित दालनांतून दिसते. जिल्ह्याच्या ठिकाणी अकराला बोर्ड सुरू होतो. एक मॅटर तळमजल्यावर, दुसरे तिसऱ्या मजल्यावर, पुकारा दोन्हीकडे एकाच वेळी. मध्येच नकलेच्या अर्जासाठी रांग. दुपारी तहसील कार्यालयात जबाब, तिथून पोलीस ठाण्यात, तिथून परत कोर्टात कारण साक्षीदार आलेला आहे. हे सगळे दुचाकीवर, डोक्याला दुपट्टा गुंडाळून. कोट डिकीत कोंबला तर चुरगळतो, हातावर घेतला तर गाडी चालवता येत नाही, म्हणून निम्मे लोक तो अंगावरच ठेवतात. कोर्टाच्या खोलीत छताचा पंखा असतो. तो खालची गरम हवाच फिरवतो. वीज गेली की तेवढेही नाही. डेझर्ट कूलर असलाच तर तो एका कोपऱ्यात असतो, आणि उलटतपासणी घेणारा वकील त्याच्यापासून लांब, साक्षीदाराच्या पिंजऱ्यासमोर उभा असतो. नवतप्यात, मेअखेरच्या त्या तापलेल्या नऊ दिवसांत, सलग दोन तास उलटतपासणी घेऊन बाहेर आलेल्या माणसाचे हात थरथरताना मी पाहिले आहेत. त्या दोन तासांत त्याच्या हातून एखादा प्रश्न सुटला, तर त्याची किंमत कोण मोजते? तो मोजत नाही. त्याचा पक्षकार मोजतो, कदाचित तुरुंगात बसून.

आणि हे केवळ विदर्भाचे गाऱ्हाणे समजू नका. रत्नागिरी, अलिबाग, पणजी, मुंबई इथे पारा विदर्भासारखा चढत नाही, पण हवेत इतका दमटपणा असतो की घाम वाळतच नाही. नवी मुंबईतल्या खारघरला 16 एप्रिल 2023 रोजी उघड्या मैदानावरच्या कार्यक्रमात उष्णतेने 14 माणसे दगावली. त्या दिवशी तिथे विदर्भातल्यासारखे 45 अंश नव्हते, 38 च्या आसपास होते. कोकणात आणि गोव्यात ऑक्टोबरची हवासुद्धा कोट घालण्यासारखी नसते. म्हणून ‘उन्हाळ्यापुरती’ सूट तिथल्या वकिलाच्या फारशी उपयोगाची नाही.

आता स्त्रियांबद्दल. या देशात स्त्रियांना वकिली करण्याचा हक्क कायद्याने मिळाला तो 1923 साली. नाशिकला जन्मलेल्या, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी ऑक्सफर्डमध्ये कायद्याचे शिक्षण पुरे करूनही त्यांना जवळजवळ तीस वर्षे हक्काने कोर्टात उभे राहता आले नाही. कोट-बँड-गाऊन हा थाट त्याच्या कितीतरी आधी ठरून गेलेला होता. तो ठरवताना बाईचे शरीर कोणाच्या डोळ्यांसमोर नव्हते. पुढे आपल्या नियमांत साडी आली, पंजाबी ड्रेस आला, हे चांगले झाले. पण कोट तसाच त्याच्यावर चढवला गेला. साडीच्या निऱ्या, परकर, ब्लाउज, पदर, त्यावर अस्तराचा कोट, गळ्याशी बँड: कंबरेपासून गळ्यापर्यंत कापडाचे किती थर होतात ते मोजून पाहा. सातव्या महिन्यापर्यंत कोर्टात येणाऱ्या मैत्रिणी मला माहीत आहेत. त्यांचा कोट पोटावर बसत नाही, तरी खांद्यावर अडकवून त्या उभ्या राहतात. रजोनिवृत्तीच्या वयातल्या माझ्या सहकारी अंगातून अचानक आग निघाल्यावर कोर्टात कोट काढू शकत नाहीत, आणि का काढायचा ते सांगूही शकत नाहीत. घामाने मानेवर बँडखाली पुरळ येते. ही तक्रार कोणी लेखी करणार नाही. म्हणून ती तक्रारच नाही असे कृपा करून समजू नका.

पैशाचाही भाग आहे. आपण 2024 च्या ऑक्टोबरमध्ये सिनियरांना सुचवले, की ज्युनिअरला शहरात महिना 20 हजार आणि ग्रामीण भागात 15 हजार रुपये तरी द्यावेत. ती शिफारस होती, सक्ती नव्हती, आणि माझ्या भोवतालच्या बहुतेक ज्युनिअर मुलामुलींच्या हातात याच्या निम्मेही पडत नाहीत. अशा मुलाकडे एकच कोट असतो. तो रोज घामाने भिजतो, रात्री दोरीवर वाळतो, सकाळी पाठीवर मिठाचे पांढरे डाग घेऊन परत अंगावर चढतो. कोटामुळे गरीब-श्रीमंत वकील सारखे दिसतात, हे म्हणणे मी अनेक भाषणांत ऐकले आहे. मुंबईत शिवून घेतलेला हलक्या लोकरीचा कोट आणि तालुक्याच्या बाजारातला तयार टेरिकॉटचा कोट शेजारी शेजारी ठेवा. पक्षकाराला फरक दुरून कळतो. सुती पांढऱ्या सदऱ्यात तो तेवढा कळत नाही.

मला कोट आवडतो, हेही सांगायला हवे. सनद मिळाली त्या दिवशी तो घालून काढलेला फोटो माझ्या आईवडिलांच्या घरात दर्शनी भिंतीवर आहे. शेतकऱ्याच्या, हमालाच्या, अंगणवाडी सेविकेच्या घरातून पहिला वकील निघतो, तेव्हा गाव त्याला ओळखते ते त्या कोटाने. ठाण्यातला हवालदार नीट बोलतो तेही कोट पाहून. ज्या समाजांना शतकानुशतके कचेरीच्या पायरीशी उभे ठेवले गेले, त्यांच्या मुलांना हा कोट किती मोठा आधार देतो याची मला जाणीव आहे. कोणाचा कोट काढून घ्या, असे मी म्हणतच नाही. ज्याला घालायचा त्याने बारा महिने घालावा. सक्ती तेवढी काढा. वकिलाची ओळख पांढऱ्या बँडनेही तितकीच पटते. तो बँड आम्ही आनंदाने ठेवू.

कोटाशिवाय कोर्टाची शान जाईल, ही भीती इतिहासाला धरून नाही. काशिनाथ त्र्यंबक तेलंग 1889 मध्ये आणि महादेव गोविंद रानडे 1893 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांची चित्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. डोक्यावर पगडी असलेली ती माणसे ब्रिटिश राजवटीच्या भर अमलात न्यायासनावर बसत होती आणि त्यांच्या निकालांचा दरारा होता. आपल्या आजच्या नियमांतही पुरुषांना अचकन, चपकन, शेरवानी आणि धोतर चालते, हे किती वकिलांना ठाऊक आहे? म्हणजे देशी पेहरावाने शिस्त मोडत नाही, हे आपण मान्य केलेलेच आहे. प्रश्न उरतो तो गरम काळ्या आवरणाचा.

ते आवरण विलायतेहून आले. सतराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडच्या राणीच्या निधनाचा दुखवटा म्हणून काळा झगा रूढ झाला, अशी कथा सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, ज्या हवेत तो झगा शिवला गेला ती हवा आपली नव्हे. इंग्लंडने स्वतः यात बदल केले आहेत. 2008 मध्ये तिथल्या दिवाणी न्यायालयांतल्या न्यायाधीशांनी केसांचा टोप उतरवला. 2011 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही बाजूंची संमती असेल तर वकिलांना पारंपरिक पोशाखाविना युक्तिवाद करण्याची मुभा दिली.

आपण तरी कुठे थांबलो आहोत? 2006 मध्ये आपल्याच परिषदेने ठराव करून ‘माय लॉर्ड’ हे संबोधन वसाहतकाळाचे अवशेष म्हणून बाजूला काढले. 1 जुलै 2024 पासून 1860 ची दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. आम्ही कलमांचे आकडे नव्याने पाठ केले, रात्र रात्र बसून. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने आपल्या वैद्यकीय संस्थांना पदवीदान समारंभातला काळा झगा आणि टोपी सोडून प्रदेशातला पेहराव स्वीकारायला सांगितले. ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या ग्रंथालयातली न्यायदेवतेची नवी मूर्ती लोकांसमोर आली: डोळ्यांवर पट्टी नाही, हातात तलवारीच्या जागी संविधान, अंगावर साडी. न्यायदेवतेचा वेश या देशाच्या मातीप्रमाणे बदलता येतो, तर तिच्या दारात रोज उभ्या राहणाऱ्या माणसाचा का नाही?

बदल करून पाहिल्याचा अनुभवही गाठीशी आहे. 13 मे 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने परिपत्रक काढले, की कोरोनाची साथ आहे तोवर दूरदृश्य सुनावणीत वकिलांनी साधा पांढरा सदरा, पांढरा सलवार-कमीज किंवा पांढरी साडी आणि बँड एवढाच पोशाख करावा. तेव्हा सरन्यायाधीश होते शरद बोबडे, नागपूरचे, नागपूर खंडपीठात वर्षानुवर्षे वकिली केलेले. देशातल्या सर्वोच्च न्यायासनासमोर लोक कोटाविना उभे राहिले. निकाल लागले, जामीन झाले, स्थगिती मिळाली. न्यायालयाचा मान तसूभरही कमी झाला नाही. 2024 च्या उन्हाळ्यात केरळ उच्च न्यायालयाने ठराव करून जिल्हा न्यायालयांत पांढरा सदरा आणि बँड पुरेसा ठरवला आणि खुद्द उच्च न्यायालयात गाऊन ऐच्छिक केला. केरळपेक्षा विदर्भ थंड आहे, असे कोणी म्हणणार नाही.

नागपूर खंडपीठाचा उल्लेख वेगळा करते, कारण तिथे आपली उन्हाळी सूटही पोहोचत नाही. उच्च न्यायालय म्हणून कोट हवाच, वर गाऊनही. मे महिन्यात सुटी असते हे मान्य. पण एप्रिल पूर्ण चालतो, आणि पाऊस लांबला तर जूनचे दिवस मेसारखेच तापतात. मुंबई, पर्वरी, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि 2025 च्या ऑगस्टपासून कोल्हापूर: एकाच उच्च न्यायालयाची ही पाच ठिकाणे, पाच तऱ्हेची हवा, आणि पोशाख मात्र एक.

सर्वोच्च न्यायालयाकडे हा प्रश्न दोनदा गेला आहे. 2022 मध्ये याचिका ऐकून न घेता अर्जदाराला वकील परिषदेकडे जायला सांगितले गेले. सप्टेंबर 2024 मध्ये पुन्हा याचिका आली, तेव्हा न्यायालयाने पोशाखाच्या शिस्तीचा मुद्दा मांडला, आणि राजस्थानची हवा व बंगळुरूची हवा एक नाही, संबंधित परिषदांनी यावर विचार करावा, असेही म्हटले. म्हणजे निर्णय आपल्या हातात आहे. या देशात दुसऱ्या कोणाकडे जायला आम्हांला जागा उरलेली नाही.

म्हणून माझी विनंती अशी. नियम बदलून जिल्हा आणि तालुका पातळीवरच्या सर्व न्यायालयांत, न्यायाधिकरणांत आणि आयोगांत पांढरा पोशाख व बँड हाच वर्षभराचा पूर्ण पोशाख ठरवावा, कोट ज्याच्या त्याच्या इच्छेवर सोडावा. उच्च न्यायालयांसाठी निदान मार्च ते जून कोट आणि गाऊन दोन्ही ऐच्छिक करण्याचा प्रस्ताव आपण मुख्य न्यायमूर्तींसमोर ठेवावा. काही तरी काळे अंगावर हवेच, असा आग्रह असेल तर बिनबाह्यांचे, बिनअस्तराचे सुती किंवा खादीचे जाकीट त्याला पर्याय म्हणून लिहा. स्त्रियांसाठीचा मजकूर स्त्री वकिलांना बसवून त्यांच्याकडून लिहून घ्या, आणि त्यात गरोदरपणाचा उल्लेख स्पष्ट असू द्या. पोशाखाच्या कारणावरून कोणाचीही सुनावणी नाकारली जाणार नाही, अशी सूचना प्रत्येक जिल्हा न्यायाधीशाकडे उच्च न्यायालयामार्फत पोहोचेल याची तजवीज करा. तालुका बार असोसिएशनांनाही मी विनंती करते, की आपापले ठराव करून परिषदेकडे पाठवावेत. एकट्या ज्युनिअरला जे बोलता येत नाही ते ठरावाला बोलता येते.

यातल्या कशालाही नवा कायदा लागत नाही. संसदेने 1973 मध्ये दिलेला अधिकार पुरेसा आहे. पुढचा मार्च येण्याआधी हा विषय आपल्या बैठकीच्या कार्यसूचीवर घ्या, आणि ती बैठक शक्य असेल तर एप्रिलच्या एखाद्या दुपारी विदर्भातल्या तालुका कोर्टाच्या बाररूममध्ये ठेवा. आम्ही सगळे हजर राहू.

आपली विश्वासू,
विदर्भातल्या एका जिल्हा न्यायालयातली वकील